गावगाडा कुणाच्या खांद्यावर होता? देवगाव रंगारीच्या वेशीवरून काही प्रश्न

पोळा जवळ आला की आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक ठरलेली पोस्ट फिरायला लागते. शिंगांना हिंगूळ लावलेली, पाठीवर झूल टाकलेली बैलजोडी. मागे मारुतीचं देऊळ, पाराचा वड. खाली चार ओळी: गाव कसं एका कुटुंबासारखं होतं, बारा बलुतेदार कसे गुण्यागोविंदानं नांदत होते, पैसा नव्हता पण माणुसकी होती. ट्रॅक्टर आला, मोबाईल आला आणि सगळं गेलं. शेकडो लाइक. त्यात आपली पोरंही असतात. डीपीला बाबासाहेब आणि पोस्टवर बदाम.

यंदा एका मित्रानं त्या पोस्टसोबत तमिळनाडूतल्या एका शेतकरी गावाच्या जीवनावरचा आणि परंपरांवरचा लेख पाठवला. भाताची खाचरं, दारापुढचं कोलम, पोंगलला उतू जाणारं नव्या तांदळाचं मडकं, दुसऱ्या दिवशी माट्टू पोंगलला रंगवलेली गुरांची शिंगं. मित्रानं विचारलं, "अगदी आपल्यासारखंच आहे ना?"

मी उत्तर दिलं, "हो, अगदी आपल्यासारखंच. त्या लेखात चेरी नाही आणि आपल्या पोस्टमध्ये महारवाडा नाही."

चेरी म्हणजे काय, ते पुढे सांगतो. आधी आपल्या वेशीवर उभे राहू.

नावातला कारागीर

देवगाव रंगारी. तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. कापूस, मका, बाजरी, गहू, जिथं पाणी आहे तिथं ऊस, कांदा आणि अलीकडे अद्रक. मराठवाड्यातलं चारचौघांसारखं शेतीवर जगणारं गाव. महाराष्ट्रात देवगावं पुष्कळ आहेत. आपल्या देवगावाच्या नावामागे 'रंगारी' आहे. रंगारी म्हटलं की कापड रंगवणारा कारागीर डोळ्यांपुढे येतो. नावाचा अर्धा भाग देवाचा, अर्धा हातानं काम करणाऱ्याचा. गावात मात्र देवाचं देऊळ मधोमध असतं आणि हातानं काम करणारा जातीनुसार कडेकडेला सरकत जातो. सगळ्यात कडेला कोण, हे मी सांगायची गरज नाही.

ही मांडणी अनादि काळापासून अशीच होती, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्याच तालुक्यातलं पितळखोरा दाखवा. गौताळ्याच्या डोंगरातली ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी तिथं आपलं नाव कोरतो. तिथून मिळालेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचा लेख आहे. आज ती मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

विचार करा. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखात कारागीर दगडावर नाव लिहितो, धंदा सांगतो, दान देतो. पुढच्या गावगाड्यात त्याला स्वतःचं नाव उरत नाही. तो 'सुतार' होतो, 'चांभार' होतो, 'येसकर' होतो. माणसाचं नाव पुसून त्याच्या जागी जातीचं काम लिहिणं, याला आपण परंपरा म्हणायला लागलो.

थोरली कास, धाकटी कास

बलुतं म्हणजे काय? शेतकऱ्याचं वर्षभराचं काम बलुतेदारानं करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' प्रसिद्ध झालं. गावाची रचना समजून घ्यायची असेल तर ते पुस्तक वाचायलाच हवं, लेखकाची नजर कुणीकडची आहे हे ओळखून वाचायला हवं. बलुतेदारांच्या तीन ओळी सांगतात: थोरली कास, मधली कास, धाकटी कास. कास म्हणजे गाईची कास. गाव ही गाय, कुणबी तिचा मालक आणि बलुतेदार कासेला लागलेले, असं हे चित्र.

बहुतेक याद्यांत महार थोरल्या कासेत येतो. म्हणजे ज्याच्यावाचून गावाचं पान हलत नाही, अशांच्या रांगेत. भट-जोशी धाकट्या कासेत. कामाच्या हिशेबानं महार वरच्या रांगेत आणि शिवण्याच्या हिशेबानं गावाबाहेर. गुण्यागोविंदानं नांदण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हा एवढा एकच प्रश्न विचारा: ज्याची गरज सगळ्यांत जास्त, त्याची सावली का नको?

त्या 'गरजे'त काय काय यायचं, तेही मोजू. वेस राखणं. रात्रीची गस्त. सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा पोचवणं. गावात आलेल्या अंमलदाराचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहणं, त्याच्या घोड्याला चारा. शिवेचा तंटा निघाला की साक्ष. पाटलाच्या वाड्यावरचं सरपण फोडणं. कुणाच्या घरी मयत झालं तर ऊन असो, पाऊस असो, पायी जाऊन पै-पाहुण्यांना सांगावा देणं. मेलेलं ढोर ओढणं. हे काम एका माणसाचं नव्हतं. वतन घराण्याचं, म्हणून राबणूकही घराण्याची. बाप आजारी असला तर पोरगं जाणार, पोरगं नसेल तर बाई जाणार. आणि कामाची वेळ? चोवीस तास.

याची मजुरी काय? खळ्यावर उरलासुरला वाटा, तोही कुणब्याच्या मर्जीनं. संध्याकाळी घुंगराची काठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. वर हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, जी पिढ्यांगणिक वाटण्या होऊन रुमालाएवढी उरलेली. बाबासाहेबांनी याच व्यवहारावर बोट ठेवलं होतं. चाकरी सरकारची, पगार मात्र गावानं द्यायचा. त्यामुळे महार सरकारचा नोकर असूनही गावाचा बांधील. पगार वेळेवर मिळाला नाही तर दाद कुणाकडे मागायची? ज्यानं बुडवला त्याच्याकडेच.

म्हणून १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्याआधी १९१८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार वतन मोडीत काढलं होतं. मुंबई इलाख्यात मात्र बाबासाहेबांच्या विधेयकाला एवढा विरोध झाला की ते मागे घ्यावं लागलं. वतन हा जर एवढा गोड मायेचा ठेवा होता, तर ते सोडू द्यायला विरोध कुणी केला? ज्याच्या पायात बेडी होती तो सोडा म्हणत होता. ज्याच्या हातात किल्ली होती तो म्हणत होता, अरे, ही तर तुझ्या वाडवडिलांची आहे.

सणांचा हिशेब

आता परंपरांकडे येऊ. सणवार म्हटले की आपलेही डोळे ओले होतात. आजीनं केलेल्या पुरणपोळ्या, मातीचे बैल. मी त्या आठवणी नाकारत नाही. पण सणाला एक दर्शनी भाग असतो आणि एक मागचा. आपण मागच्या भागातले.

पोळा घ्या. पाटलाची मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते, मग पोळा 'फुटतो'. मान म्हणजे क्रम. क्रम म्हणजे जात. वर्षभर त्या बैलांमागे चालणारा सालगडी बहुतेक ठिकाणी आपला किंवा आपल्यासारखाच भूमिहीन. बैलाला वर्षातून एक दिवस पूजा मिळते. सालगड्याला? त्याचं साल गुढीपाडव्याला संपायचं आणि गुढीपाडव्यालाच सुरू व्हायचं. ज्या दिवशी गाव नव्या वर्षाची गुढी उभारतं, त्या दिवशी गड्याचा हिशेब व्हायचा: उचल किती, फिटली किती, उरली किती. उरलीच असायची. तेव्हा पुढचं सालही त्याच दावणीला. तोच हिशेब आज उसाच्या फडावर कोयत्याच्या नावानं चालतो. शब्दही तोच राहिला: उचल.

होळी घ्या. अनेक गावांत गावची होळी पेटवायला विस्तव महारवाड्यातून आणायची रीत होती. अग्नी चालतो, पाणी चालत नाही. ढोल-हलगी चालते, वाजवणाऱ्याचा हात चालत नाही. मरीआईचा कोप झाला की गाडा ओढायला आपण, गावावरची इडापिडा शिवेबाहेर टाकायला आपण. म्हणजे गावाच्या पवित्रतेचा सगळा कचरा उचलायचं कंत्राट आपलं आणि तो उचलला म्हणून अपवित्रही आपणच.

याचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कडू उदाहरण म्हणजे चोखामेळा. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते आणि सोबतचे मजूर गाडले गेले, असं परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, तेच गावकूस बांधताना जीव गेला. त्यांच्या भक्तीवर हजार कीर्तनं झाली. त्या वेठीवर किती झाली?

निजाम गेला, पाटील गेला का?

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथं काही लोक एक सोयीस्कर गोष्ट सांगतात: आपले हाल झाले ते निजामामुळे, हिंदू गाव तर एक होतं. दुसरे काही उलट सांगतात की मुसलमानी राज्यात जातिभेद सौम्य होता. दोन्ही गोष्टींना १९३४ ची एक घटना पुरेशी आहे. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासानं धुळीनं माखलेले. किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. रमजानचे दिवस होते. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला: ढेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, दमदाटी झाली. किल्ल्यात सोडलं ते आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. दौलताबाद ते वेरूळ म्हणजे आपल्या रोजच्या येण्याजाण्याचा रस्ता. तिथून जाताना सेल्फी काढतो, तेव्हा तो हौद आठवतो का?

गावगाड्यानं राज्यकर्त्याचा धर्म कधी विचारला नाही. बहामनी आले, निजामशाही आली, मोगल आले, पेशवे आले, असफजाही आली. वर झेंडा बदलला, खाली हाडोळा तसाच. गावाला म्हणूनच इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफनं छोटं प्रजासत्ताक म्हटलं होतं आणि आपल्याकडच्या मोठमोठ्यांनी ते कौतुक डोक्यावर घेतलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या कौतुकाची सालं काढली. गाव टिकून राहिलं हे खरं, पण कशासाठी टिकलं आणि कुणाच्या जिवावर, हा त्यांचा प्रश्न होता. अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता जिथं मुरते त्या गावाऐवजी संविधानानं व्यक्तीला एकक मानलं, याचं त्यांनी समाधान व्यक्त केलं. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९३२ मध्ये, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी बजावलं होतं की अस्पृश्यांना संरक्षण दिल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देणं म्हणजे त्यांना गावाच्या तोंडी देणं.

याच कन्नड तालुक्यानं त्या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षं आधीच शोधायला सुरुवात केली होती. निजामाच्या हद्दीत बाबासाहेबांना सभेची बंदी होती. तेव्हा भाऊसाहेब मोरे यांनी जागा शोधली ती कन्नडजवळच्या मक्रणपूरची. शिवना नदी ही हद्द, अलीकडे निजाम, पलीकडे ब्रिटिश मुलूख. ३० डिसेंबर १९३८ ला तिथं परिषद भरली. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं आली. बंदी असलेल्या मुलखातली माणसं नदी ओलांडून आली. 'जय भीम' हे अभिवादन भाऊसाहेबांनी याच परिषदेत दिलं, असं आपल्याकडे सांगतात. कामठीच्या बाबू हरदासांकडेही ते श्रेय जातं. त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं हे की 'जोहार मायबाप' म्हणत वाकणाऱ्या माणसांनी इथं मान ताठ करून दुसरा शब्द उचलला.

दरवर्षी ३० डिसेंबरला तिथं माणसं जमतात. देवगावातून किती जातात?

ऊर आणि चेरी

आता त्या तमिळ गावाकडे येऊ. तिथं गावाला ऊर म्हणतात आणि गावाबाहेरच्या दलित वस्तीला चेरी. ऊर म्हणजे आपलं गाव, चेरी म्हणजे आपला महारवाडा. भाषा वेगळी, पीक वेगळं, देव वेगळे. नकाशा एकच. तिथं मयतीला आणि देवीच्या जत्रेला पराई नावाचा चर्मवाद्याचा ताफा वाजतो. ती वाजवणाऱ्यांची जात परैयर. इंग्रजांनी त्यातून जो शब्द उचलला, तो आज जगभरच्या शब्दकोशांत 'बहिष्कृत' या अर्थानं आहे. आपली हलगी आणि त्यांची पराई एकच कथा सांगतात.

तिथल्या परैयरांच्या हलाखीवर १८९१ साली चेंगलपट्टूचा जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर यानं अहवाल लिहिला. त्यानंतर मद्रास सरकारनं दलितांसाठी जमिनी राखून ठेवल्या. त्या पंचमी जमिनी म्हणून ओळखल्या जातात. आकडा बारा लाख एकरांचा सांगतात. दलितेतरांना त्या विकता येणार नाहीत, अशी अट. आज त्यातल्या बहुतेक जमिनी दलितांच्या ताब्यात नाहीत. १९९४ साली चेंगलपट्टू भागातल्या करणै गावी त्या परत मागण्यासाठी माणसं उभी राहिली, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण गेले. आपला हाडोळा आठवला ना?

तंजावरच्या सुपीक भातपट्ट्यात कीळवेनमणी नावाचं गाव आहे. शेतमजुरांनी कापणीची मजुरी थोडी वाढवून मागितली. थोडी म्हणजे काही मापं भात. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी ४४ जणांना एका झोपडीत कोंडून जाळलं. त्यात बायका आणि लेकरं जास्त होती. पुढे हायकोर्टानं जमीनदारांना निर्दोष सोडलं. २५ डिसेंबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. १९२७ ला त्याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती. आपण पुस्तक जाळलं. त्यांनी माणसं जाळली.

आणि त्याच तमिळ मुलखात अयोती दास पंडितांनी १८९८ साली शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. नागपूरच्या ५८ वर्षं आधी. चेरीतला माणूसही वेशीबाहेरून निघून बुद्धापर्यंत पोचला, कुणी न शिकवता. हा धागा आपल्या पोरांना सांगायला हवा. पोंगल आणि पोळा सारखे आहेत हे सांगणारे पुष्कळ आहेत.

"पण सगळेच गरीब होते"

या लेखावर कोणते आक्षेप येतील ते मला माहीत आहे. पहिला: तेव्हा सगळेच गरीब होते, कुणबीही उपाशी असायचा. खरं आहे. दुष्काळानं कुणाला सोडलं नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला सगळ्या जातींची माणसं एका बांधावर बसली. पण दुष्काळ संपल्यावर कुणबी आपल्या शेतात गेला. आपण कुठं गेलो? कित्येक घरं औरंगाबादच्या झोपडपट्टीत गेली आणि तिथंच राहिली. गरिबी दोघांनाही आली. परत जायला जमीन मात्र एकालाच होती.

दुसरा आक्षेप: बलुतं म्हणजे परस्परांची गरज, देवाणघेवाण. देवाणघेवाणीत दोघांनाही नाही म्हणता यायला हवं. नाही म्हटल्यावर काय व्हायचं, ते पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगाव आपल्या माणसांनी ढोर ओढणं सोडलं, सांगावा देणं सोडलं, भाकर मागणं सोडलं. गावानं काय केलं? 'बरं, सोडा' म्हटलं? वाट बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, किराणा बंद. गाव जेवढं 'एक कुटुंब' तेवढाच बहिष्कार कडक. कुटुंबातला माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं पाणी तोडत नाहीत.

१९७८ हे याचं सगळ्यांत मोठं प्रमाण. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं. वस्त्या जळाल्या. भांडण विद्यापीठाच्या पाटीचं होतं, तर खेड्यातली धान्याची कणगी कशाला जाळली? विहीर कशाला बुजवली? नंतर अत्याचारविरोधी समितीनं गावोगाव फिरून अहवाल केला. गावकी सोडलेली, शिकलेली, जमिनीचा तुकडा कसणारी घरं डोळ्यांत सलत होती, हे त्यातून दिसतं. विद्यापीठाचं नाव निमित्त होतं. मोडलेल्या बलुत्याची ती वसुली होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. वसुली थांबली का, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात पाहावं.

हाडोळा आणि गायरान

हे सगळं इतिहास म्हणून वाचून सोडून द्यायचं असतं, तर मी लिहिलंच नसतं. प्रश्न आजच्या जमिनीचा आहे.

हैदराबाद राज्यानं १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा केला, तेव्हा गावाची चाकरी म्हणून दिलेली बलुता इनामं सुरुवातीला त्यातून बाजूला ठेवली होती. म्हणजे मोठ्या इनामांचा निकाल आधी, चाकरीच्या बेडीचा नंतर. मुंबई राज्याच्या जुन्या भागात १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली. जमीन भोगवटादार वर्ग दोन म्हणून मिळाली, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायला मनाई. कागदावर मनाई आणि बांधावर दुसराच नांगर, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. कुठं लग्नाच्या खर्चापायी, कुठं दवाखान्यापायी, कुठं नुसत्या अंगठ्यावर जमिनी गेल्या.

ज्यांच्याकडे हाडोळाही नव्हता, त्यांनी गायरान धरलं. महाडच्या १९२७ च्या परिषदेतच बाबासाहेबांनी सांगितलं होतं: मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळं मागणं सोडा, पडीक जमीन मिळवा आणि शेती करा. मराठवाड्यात १९५३ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या सत्याग्रहात तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. त्यात मोठ्या संख्येनं बायका, कडेवर लेकरं घेऊन. त्या रेट्यातूनच पुढे गायरान नावावर करण्याचे शासन निर्णय निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. १४ एप्रिल ही तारीख सरकारनं कशी निवडली, ते सांगायला नको.

पण निर्णय निघणं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं यात तलाठ्याची पायरी असते. हजारो कुटुंबं कसत राहिली, नोंद झाली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात सांगितला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानं मोकळी करण्याचा आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. शहराजवळच्या गायरानावर मोठमोठ्यांची बांधकामं आहेत. नोटीस पाहून रात्रभर झोप कुणाची उडाली? ज्याच्याकडे दोन एकर मुरमाड आहे आणि कागद एकही नाही, त्याची.

इथं 'हरवलेलं गाव' या पोस्टचं राजकारण कळतं. गायरान हे 'गावाचं' आहे, असं म्हटलं की ते कसणारा आपोआप 'गावाबाहेरचा' ठरतो. गाव म्हणजे कोण, हे जुन्या आठवणी ठरवतात आणि त्यावरून आजची जमीन ठरते.

आपलीही एक चूक

दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबलो तर हा लेख अर्धाच राहील. आपण ढोर ओढणं सोडलं, हलगी सोडली. फार चांगलं केलं. पण ती हलगी मग कुणाच्या गळ्यात गेली? बऱ्याच गावांत मातंग बांधवांच्या. तेव्हा आपण त्यांच्या सोबत उभे राहिलो का? की 'आम्ही सुटलो, तुमचं तुम्ही बघा' म्हटलं? गावगाड्यानं आपल्याला एकमेकांच्या खालीवर बसवलं होतं. त्या पायऱ्या आपण मनातून पूर्ण काढल्या नाहीत. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

आणि बायांचा वाटा आपण विसरलो. सरपण, शेणकूर, खळ्यावरची झाडलोट, उष्ट्याची पाटी हे सगळं त्यांनी वाहिलं. बलुत्याच्या कोणत्याही यादीत त्यांचं नाव नाही. त्यांनीच जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यात माजलगावच्या भीमनगरच्या बायांच्या भीमओव्याही आहेत. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या?

तर देवगाव रंगारीच्या आणि आसपासच्या पोरांनो, पोस्टवर बदाम टाकण्याऐवजी चार कामं करा.

एक. गावाच्या शिवारातल्या शेतांची जुनी नावं लिहून काढा. हाडोळा कोणता, येसकराचं शेत कोणतं, इनाम कुठं होतं. मग तहसीलमधून त्या गटांचे जुने उतारे आणि फेरफार काढा. कुणाकडून कुणाकडे जमीन कधी गेली, ते कागद सांगतील.

दोन. गायरान कसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा पुरावा गोळा करा. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पीकपाहणी, मतदार यादी. १९९० च्या आधीचा एक कागदसुद्धा घर वाचवू शकतो.

तीन. सत्तरीच्या पुढच्या माणसांना, विशेषतः बायांना, मोबाईलसमोर बसवा. बहिष्कार कधी झाला, पाणी कुठून आणायच्या, पोळ्याला कुठं उभ्या राहायच्या, ते त्यांच्या शब्दांत साठवा. त्या गेल्या की फक्त पाटलाच्या नातवाची आठवण उरेल आणि तीच इतिहास होईल.

चार. ३० डिसेंबरला मक्रणपूरला जा. मातंग, चर्मकार, भिल्ल मित्रांना सोबत घेऊन जा.

पोळ्याला बैल सजवू नका, असं मी म्हणत नाही. बैल तर आपल्यासारखाच राबणारा. पण त्या फोटोत तोरणाच्या अलीकडे उभा असलेला माणूसही दिसला पाहिजे. त्याच्याशिवायचं गाव हरवलेलं नाही. तसं गाव कधी नव्हतंच.

जय भीम.